केळीला पाणी कुठून येतं

निवृत्ती जवळ आली की सरकारी माणूस खुर्चीवरची उशी घरी नेतो, ड्रॉवरमधल्या लवंगा संपवतो आणि नवं काम समोर आलं की आधी कॅलेंडरकडे बघतो. माझं उलटं झालं. कुंभकोणमच्या आमच्या पाणी खात्याच्या कचेरीत सगळा जन्म काढल्यावर अगदी जाता जाता मला असं एक खेळणं मिळालं, की डबा उघडायचा राहून जायला लागला आणि संध्याकाळी शिपाई दिवे घालवायला आला की त्याचा राग यायला लागला. त्या खेळण्याबद्दल लिहिते. बाकी माझ्या नोकरीत सांगण्यासारखं फारसं नाही. वेळेवर गेले, वेळेवर आले आणि मधल्या वेळात नद्या काढल्या.

आधीच एक सांगून टाकते. इथे लिहितेय ती मराठी आमच्या घरात कुणी बोलत नाही. आम्ही तंजावरची मराठी माणसं. घरात जे बोलतो ते जसंच्या तसं छापलं, तर पुण्याचा वाचक म्हणेल की ही बाई कुठल्या जुन्या दप्तरातून उठून आली. उंबऱ्याबाहेर आम्ही तमिळ बोलतो, तेव्हा कचेरीतली माणसं इथे मराठीत बोलताना दिसली तरी ती तमिळच बोलताहेत असं समजा. आमचे राव, म्हणजे माझे यजमान, मात्र घरच्याच भाषेत बोलतील. त्यांना गप्प करणं मला इतक्या वर्षांत जमलेलं नाही.

मी ड्राफ्ट्समन होते. बाई असले तरी पदाचं नाव तेच. साहेब लोक मोजणी करून आणायचे, मी ती कागदावर उतरवायची. आता कावेरी ही नदी तुमच्या नद्यांसारखी वागत नाही. तुमच्याकडे ओढे येऊन नदीला मिळतात आणि नदी फुगत जाते. आमच्याकडे समुद्र जवळ आला की कावेरी वाटून टाकायला लागते. तिच्यातून अरसलार निघते, त्यातून आणखी फाटे, फाट्यांतून पाट, पाटांतून बारके पाट, आणि शेवटी कुणाच्या तरी भाताच्या वाफ्यात ती पायाच्या घोट्याएवढी होऊन उभी राहते. जिथे फाटा फुटतो तिथे लोखंडी दारं. ती दारं उघडणारा लस्कर, म्हणजे तुमच्याकडचा पाटकरी. सगळ्यांना एकदम पुरेल इतकं पाणी नसतं, म्हणून पाळी ठरते. पाळीत सगळ्यात शेवटी जे गाव असतं त्याला आम्ही कडैमडै म्हणतो. शेवटचं दार. तिथे पाणी पोहोचलं की खात्यात पेढे वाटतात, आणि नाही पोहोचलं की त्या गावची माणसं कचेरीत येऊन बसतात.

हे सगळं मी काढायची. निळी शाई पाटांना, लाल शाई निचऱ्याच्या चरांना. शेतातलं जास्तीचं पाणी वाहून नेतो तो चर. निळ्याचा कागद वेगळा, लालचा वेगळा, कारण पाटांचा विभाग एका खोलीत आणि निचऱ्याचा दुसऱ्या. दोन्ही खोल्यांतले साहेब एकमेकांना फक्त पोंगलच्या हळदीकुंकवासारखे वर्षातून एकदा भेटायचे. निळी रेघ शेताशी संपायची. लाल रेघ शेताशी सुरू व्हायची आणि समुद्राकडे जायची. निळ्याला लाल कधी टेकवायची नाही, हे मला पहिल्या आठवड्यातच शिकवलं होतं. माझा हात असा बसला की झोपेतसुद्धा टेकवली नसती.

तर यंदा पोंगल झाल्यावर बातमी आली की खात्यानं पाण्याच्या नियोजनाचं सॉफ्टवेअर घेतलंय आणि इंजिनिअरांना शिकवायला चेन्नईहून कुणी येणार आहे. इंजिनिअरांना! यादीत ड्राफ्ट्समन नव्हता. मी तडक आमच्या साहेबांकडे गेले. कार्तिकेयन सर, वयानं माझ्या धाकट्या भावापेक्षा लहान, हुशार, आणि चालतानासुद्धा पळतायत असं वाटावं इतके घाईचे.

"मॅडम, तुम्ही मे महिन्यात रिटायर होताय," ते म्हणाले. "कशाला त्रास करून घेता?"

"सर, नद्या काढायच्या आहेत ना त्यात?"

"हो."

"मग या कचेरीत नद्या कोण काढतं?"

ते हसले आणि म्हणाले, बसा मागच्या बाकावर. मी पहिल्या बाकावर बसले.

शिकवायला आलेली मुलगी निवेदिता म्हणून होती. तिनं पडदा उघडला. कोरा, पांढरा. म्हणाली, "आता माऊस धरून नदी ओढा." मी ओढली. निळी रेघ! शाई नाही, टाक नाही, ब्लेडनं खरवडणं नाही. मग तिनं शिकवलं, की ज्याला पाणी लागतं त्याचा एक ठिपका ठेवायचा. गाव, शहर, शेत, काहीही. नदीपासून ठिपक्यापर्यंत हिरवा बाण, तो पाणी नेतो. ठिपक्यातून निघणारा लाल बाण, तो वापरून उरलेलं पाणी बाहेर नेतो. प्रत्येक ठिपक्याला सांगायचं की तुला किती पाणी लागतं, कुठल्या महिन्यात लागतं आणि तुझा नंबर कितवा. पाणी कमी पडलं तर एक नंबरवाल्याला आधी, नव्याण्णववाल्याला सगळ्यात शेवटी. एवढं भरलं की एक बटण दाबायचं.

मी बटण दाबलं आणि खरं सांगते, अंगावर काटा आला. माझी नदी चालायला लागली. मी जन्मभर काढलेल्या नद्या कागदावर निजून असायच्या, आणि ही महिन्यामागून महिने वाहत होती. कुठल्या गावाला कुठल्या महिन्यात किती कमी पडलं ते उभ्या पट्ट्यांनी दाखवत होती. मी मोठ्यानं "अय्यो!" म्हटलं. सगळा वर्ग वळून बघायला लागला.

नंबर देण्यावरून पहिल्याच दिवशी भांडण झालं. आम्ही कुंभकोणमवाल्यांनी, जणू ठरवून, देवळाच्या तळ्याला एक नंबर दिला. निवेदिताला धक्काच बसला. "पिण्याचं पाणी आधी नको का?" ती म्हणाली. आम्ही म्हटलं, बाळ, तळं भरलं की आजूबाजूच्या विहिरी भरतात, पिण्याचं पाणी तेच. तिनं थोडा विचार केला आणि म्हणाली, मग तळ्यातून विहिरीकडे बाण काढा, तो कुठे काढलाय? कुणीच काढला नव्हता. आम्हाला सगळं माहीत होतं आणि यंत्राला आम्ही काहीच सांगितलं नव्हतं. हे तेव्हाच नीट मनात धरायला हवं होतं.

पण मला सगळ्यात आवडलं ते 'समजा'. या सॉफ्टवेअरमध्ये हवं ते समजता येतं. समजा पाऊस उशिरा आला. समजा एका फाट्याचं दार मोडलं. समजा सगळ्यांनी भात सोडून उडीद पेरले. प्रत्येक समजाला नाव देऊन वेगळं ठेवायचं आणि बटण दाबून बघायचं की काय होतं. आमच्या खात्यात 'समजा' असं कुणी कधी म्हणत नाही. आमच्याकडे 'मागच्या वर्षीप्रमाणे' असं म्हणतात. मी अधाशासारखी समजत सुटले. एका दुपारी मी कावेरी उलटी वाहवून बघत होते, तेव्हा सरांनी मागून येऊन विचारलं की मॅडम, हे कुठल्या योजनेत बसतं?

त्यानंतर सरांनी मला खरं काम दिलं. तिरुनीलक्कुडीच्या पुढच्या पट्ट्याचा आराखडा. तिथे एक बारका पाट आहे, अल्लि वाय्क्काल. अल्लि म्हणजे कमळातली रात्री फुलणारी जात, वाय्क्काल म्हणजे पाट. पाटाच्या टोकाला थोडी घरं आणि भाताची जमीन, म्हणजे शेवटचं दार. वरच्या अंगाला मोठं गाव, त्याचा पाट रुंद, त्याला पाळी नेहमी आधी. मी सगळं काढलं, माझ्या जुन्या नकाशांवरून, निगुतीनं. निळे पाट, हिरवे बाण, आणि लाल बाण सगळे थेट समुद्राकडे. बटण दाबलं. शेवटच्या गावाची पट्टी वर, वर, वर गेली. तुटवडा. पाळी धरा, न धरा, पाऊस चांगला समजा, वाईट समजा, त्या गावाला पाणी पोहोचतच नव्हतं.

सर खूश झाले. म्हणजे तुटवड्यानं नाही, उत्तर मिळालं म्हणून. "बघा, हेच मी म्हणत होतो," ते म्हणाले. "पाळी सोडली तरी तिथे पाणी पोहोचत नाही. वाटेत मुरतं, उडतं. मग कशाला सोडायचं? वरच्या गावाचा पाट काँक्रीटचा करू, त्यात लागेल तेवढंच सोडू, पाणी वाचवू, आणि अल्लि वाय्क्काल पाटांच्या यादीतून काढून चरांत घालू. बुधवारी वरिष्ठांच्या बैठकीत ठेवतो."

पाटाचा चर झाला की काय होतं ते बाहेरच्याला कळणार नाही. त्याला पाळी राहत नाही. दरवर्षी पाणी सुटायच्या आधी पाटांतला गाळ काढतात, तो त्याच्यातला काढत नाहीत. दोन वर्षांत वेडी बाभूळ वाढते, आणि मग ती जमीन भाताची होती असं सांगायलाही कुणी उरत नाही. नकाशात मी फक्त रेघेचा रंग बदलायचा होता.

ही बातमी कचेरीतून कशी बाहेर गेली कोण जाणे. शुक्रवारी पोन्नम्माळ आली. ही त्या शेवटच्या गावची. नवरा गेल्यापासून स्वतः शेती करते, आणि दरवर्षी पाणी सुटायच्या आधी कचेरीत येऊन आम्हाला झाडते. अर्जबिर्ज काही नाही. चपला दाराबाहेर काढते, देवळात यावं तशी आत येते, आणि मग तोंड सोडते. माझ्यावर तिचा विशेष लोभ. आम्हा मराठी लोकांना इथे रायर म्हणतात, म्हणून मी तिची रायरम्मा.

"रायरम्मा, माझ्या पाटाला गटार म्हणालीस?"

"मी नाही म्हटलं. यंत्र म्हणतंय की पाणी पोहोचत नाही."

"पोहोचत नाही? मग मी काय वाळूत भात लावते? माझ्या दोन्ही सुनांची माहेरची माणसं आधी पाट बघून गेली, मग मुलगा बघितला. त्यांना काय सांगू?"

"तुमच्याकडे बोअर आहे का?" सरांनी विचारलं.

"बोअर असती तर तुमच्या दारात आले असते?" ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. तिचा आवाज एकदम खाली आला आणि तो मला जास्त लागला. "तू काढलंस ना हे? मग तूच नीट कर. पाट गेला तर आम्ही कुठे जायचं?"

ती गेली. मी पुन्हा सगळे आकडे तपासले. चूक सापडली नाही. तिथे भात होतो, दरवर्षी होतो, मी स्वतः मोटारीतून जाताना हिरवंगार पाहिलेलं. आणि यंत्र म्हणत होतं की होऊच शकत नाही. दोघांपैकी खोटं कोण? सरांना विचारलं तर ते म्हणाले, यंत्राला नातीगोती नसतात मॅडम. मला रडू आलं नाही, राग आला. इतक्या हौसेनं शिकलेली गोष्ट जाता जाता माझ्या हातानं एक पाट मारणार होती.

आता घरची गोष्ट. सराव म्हणून मी घरच्या कॉम्प्युटरवर आमचं घर काढलं होतं. गच्चीवरची टाकी म्हणजे धरण. स्वयंपाकघर, न्हाणीघर, देवघर, अंगणातली जास्वंद, मागची केळ, हे सगळे ठिपके. आमचे रावही एक ठिपका, कारण त्यांच्या एकट्याच्या अंघोळीला वेगळं धरण लागावं. राव तिरुभुवनमच्या विणकरांना जर विकतात, म्हणजे साडीच्या काठात जाते ती. दिवसभर बारीक तारा पाहून त्यांची नजर अशी झाली आहे की त्यांना दुसऱ्याच्या कामातली गाठ लगेच दिसते.

त्या रविवारी सकाळी ते कॉफीचा पेला घेऊन माझ्या मागे उभे राहिले.

"हें काय काढलीस? घर कीं कोळ्याचें जाळें?"

"आपलें घर आहे. उन्हाळ्यांत टाकी आटली तर कोणास काय मिळतें तें दाखवतें."

"आणि हा मी? मज नंबर किती दिलीस?"

मी सांगितलं नाही. त्यांनी चष्मा नाकावर ओढून स्वतःच वाचलं.

"नव्याण्णव! आणि त्या जास्वंदीस पांच? लग्न करून आणिलें तें जास्वंदीस कां मज?"

"जास्वंद गात गात अर्धी टाकी रिकामी करत नाहीं. मुकाट्यानें बसा पाहूं."

ते बसले, पण मुकाट्यानं नाही. पट्ट्या बघत होते. एक पट्टी सगळ्यात उंच होती.

"ही कोण?"

"केळ. एप्रिलांत मेली."

"मेली?"

"टाकींत उरतच नाहीं तिच्यासाठीं. काय करूं?"

त्यांनी पेला खाली ठेवला. माझा हात धरला, ओढत मागच्या दारी नेलं आणि केळीपुढे उभं केलं. एप्रिलचंच ऊन, आणि केळ घडानं वाकलेली. पानं अशी रुंद की सबंध पंगत उठावी.

"हिला टाकीचें पाणी कोण घातलें ग आजपर्यंत? तूं? मी?"

कुणीच नाही. आमच्या न्हाणीघराचं पाणी आणि भांडी घासल्याचं पाणी मागे येतं, ते केळीच्या मुळाशी. म्हणूनच तर ती तिथे लावलेली. या गावात घरोघरी ती तिथेच असते. लहान मुलालाही कळतं की अंघोळ केली की केळ पिते. आणि मी, पाण्याचं नियोजन शिकलेली बाई, न्हाणीघरातून लाल बाण काढून थेट रस्त्याच्या गटारात सोडला होता. का? लाल होता म्हणून. लाल रेघ समुद्राकडे, हे हाताला माहीत होतं, डोक्याला विचारायची त्याला गरजच पडली नाही.

मी तिथेच ओरडले. शेजारच्या घरातून कुणीतरी विचारलं की साप आहे का. राव घाबरून म्हणाले, "मेली म्हणालीस म्हणून दाखविलों, दुसरें कांहीं नाहीं!" मी त्यांना तिथेच टाकून आत पळाले आणि सरांना फोन लावला. रविवार आहे हेही लक्षात राहिलं नाही.

"सर, अल्लि वाय्क्काल ही केळ आहे!"

पलीकडून सर म्हणाले, "मॅडम, तब्येत बरी आहे ना?"

मी सगळं सांगितलं. वरच्या गावाची शेतं आधी भरतात. त्यांचं जास्तीचं पाणी चरात उतरतं. तो चर आपण समुद्राला नेलाय, कारण आपला लाल कागद तिथे संपतो. पण तो खरोखर कुठे जातो हे आपण दोघांनी कधी पाहिलंय? सर घाईचे आहेत पण हट्टी नाहीत. अर्ध्या तासात जीप घेऊन दारात आले. रावांनी त्यांना केळ दाखवल्याशिवाय सोडलं नाही.

उन्हाळ्यात आमचे सगळे पाट कोरडे असतात, आणि पाहणी करायला तीच वेळ चांगली, कारण तळ दिसतो. वरच्या गावाच्या शेवटच्या बांधापासून आम्ही चरात उतरलो आणि त्यातूनच चालायला लागलो. मुलं क्रिकेट खेळत होती, त्यांच्या स्टंपांमधून गेलो. जमीन हळूहळू खाली जात होती. एका ताडापाशी चर वळला, रस्त्याखालच्या मोरीतून निघाला, आणि पुढे थोड्या अंतरावर सिमेंटचा जुना दगड दिसला. त्याच्यावर खात्यानं रंगवलेलं नाव होतं, अल्लि वाय्क्काल. मी मागे वळून पाहिलं. चर कुठे संपला आणि पाट कुठे सुरू झाला ते मला सांगता आलं नाही. खालचा चिखल वाळून जसा फुटला होता, त्या भेगा दोन्हीकडे सारख्याच होत्या.

सर मोरीवर बसले. "म्हणजे पाळीचं पाणी यांना मिळत नव्हतं ते खरंच," ते म्हणाले. "हे वरच्यांच्या सांडलेल्यावर जगत होते."

"आणि आपण वरच्यांचा पाट काँक्रीटचा करणार होतो, सर. सांडणं बंद करायला."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. दोघांनाही एकदमच कळलं. पाळी बंद, गाळ काढणं बंद, आणि वरून सांडणंही बंद. आराखड्यातल्या दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या शहाणपणाच्या होत्या आणि एकत्र केल्या असत्या तर पोन्नम्माळचं शेत उरलं नसतं. हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत असणार. कागदाला माहीत नव्हतं, कारण आमच्या दोन खोल्यांमधलं दार बंद होतं.

सोमवारी मी मॉडेल उघडलं. वरच्या गावाचा लाल बाण धरला, समुद्रावरून उचलला आणि अल्लि वाय्क्कालच्या तोंडाशी आणून सोडला. लाल निळ्याला टेकली. चापट बसेल म्हणून मी हात लगेच मागे घेतला, हसू नका. सर खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे होते. बटण दाबलं. ती उंच पट्टी बसली. पूर्ण नाही, कोरड्या वर्षी थोडी वर राहिली, पण ओल्या पाटात पाळीचं पाणी वाटेत मुरत नाही, ते त्यात घातलं की तीही खाली. मग सर म्हणाले, "आता समजा काँक्रीट." समजलं. पट्टी ताडकन वर. "काढा काँक्रीट." खाली. पुन्हा घाला, पुन्हा काढा. आम्ही दोघं शाळेतली पोरं दिव्याच्या बटणाशी खेळतात तसे किती वेळ खेळत होतो, आणि दारात शिपाई चहा घेऊन उभा.

मंगळवारी पोन्नम्माळला निरोप धाडून बोलावलं. पडद्यावर तिचा ठिपका दाखवला. तिनं बोट लावून पाहिलं आणि बोट पुसलं. मग मी तिला विचारलं, कारण आता मी शहाणी झाले होते, "तुमच्या शेतातून पाणी कुठे जातं?"

"बदकांना," ती म्हणाली.

तिच्या खालच्या अंगाला पाणथळ जागा आहे. भात कापला की बदकं पाळणारे तिथे कळप उतरवतात आणि महिनाभर राहतात. मी ठिपका ठेवला. नाव टाकायचं होतं. सरांकडे पाहिलं. ते म्हणाले, "जे आहे ते टाका." मी टाकलं: बदकं. नंबर नव्याण्णव, रावांच्या बरोबरीचा.

बुधवारच्या बैठकीला ड्राफ्ट्समन नेत नाहीत. सरांनी मला नेलं. कॉम्प्युटर मी चालवत होते, बोलत सर होते. वरिष्ठांनी भराभर पानं उलटावीत तसं सगळं बघितलं आणि एका ठिपक्यापाशी थांबले.

"हे बदकं काय आहे?"

खोलीत कुणीतरी हसलं. सगळा आराखडा आता एका बदकापायी चेष्टेवारी जाणार असं वाटलं.

सर अजिबात हसले नाहीत. "सर, ज्याला आपण शेवटचं गाव म्हणतो ते शेवटचं नाही," ते म्हणाले. "त्याच्याखाली ही आहेत. अल्लि वाय्क्काल पाटच राहावा, त्याची पाळी राहावी आणि गाळ यंदाच काढावा, असा आमचा प्रस्ताव आहे. काँक्रीट मागे घेतो." 'आमचा' म्हणताना त्यांनी माझ्याकडे हात केला. वरिष्ठांनी थोडा वेळ पट्ट्या पाहिल्या आणि विचारलं, "काँक्रीट समजून दाखवता येईल का?" मी दाखवलं. त्यांनी दोनदा बघितलं, आणि सही केली.

मेअखेरीला मी निवृत्त झाले. शाल मिळाली, हार मिळाला, भाषणं झाली. एक रुखरुख मात्र मनात राहिली. मी काढलेले ते सगळे नकाशे, निळे एका कपाटात, लाल दुसऱ्यात. त्यांतल्या कितीतरी लाल रेघांच्या टोकाशी कुणाची तरी केळ असेल. सर म्हणतात, सोमवारी येत जा मॅडम, एकेक बाण हलवू. मी जाते. खुर्चीवरची उशी अजून तिथेच आहे.

जूनमध्ये वर धरणातून पाणी सुटलं. काही दिवसांनी सकाळी पोन्नम्माळचा फोन आला. "रायरम्मा, पाणी मोरीपर्यंत आलंय. बघायचं असेल तर ये, ते तुझ्यासाठी थांबणार नाही." रावांनी स्कूटर काढली. दुकान उघडायचं राहिलं म्हणून वाटभर बडबडत होते.

आम्ही पोहोचलो तेव्हा साफ केलेल्या पाटाच्या कोरड्या तळावर मी उभी राहिले, आणि ते वळणावरून येताना दिसलं. इतकी वर्षं मी पाणी काढलं, पण कोरड्या पाटात पहिलं पाणी शिरताना कधी पाहिलं नव्हतं. ते धावत येत नाही. पुढे फेस, काड्या, वाळकी पानं ढकलत, खड्डा आला की थांबून तो भरत, माणसाच्या चालीनं येतं. पोन्नम्माळ बांधावरून ओरडत होती की गाळ नीट काढलेला नाही, कडेचं गवत कुणी ठेवलं, खात्याला लाज नाही. ओरडता ओरडता पदरानं डोळे पुसत होती. मी तर सरळ रडतच होते.

पाणी माझ्या पावलांपाशी आलं, बोटांत शिरलं आणि पुढे गेलं. मीही त्याच्याबरोबर चालायला लागले. तिच्या शेताच्या कडेनं, पाटाच्या टोकापर्यंत, आणि टोक संपल्यावरही.

"कुठें चाललीस ग?" राव मागून ओरडले. "पाट संपला!"

"संपला नाहीं," मी म्हटलं. "खालीं बदकें आहेत."